पाणघोड्याच्या शॉटमधला धक्का

प्रिय भिंगरीस,

तुझा एका ओळीचा निरोप परवा मिळाला. ‘बाबा, डावा डोळा का?’ एवढंच. ना ख्यालीखुशाली, ना काही. लहानपणापासून तू अशीच, थेट मुद्द्याला हात घालणारी. उत्तर देणार आहे, पण माझ्या चालीने. फोनवर बोललो असतो तर तू मध्येच तोडलं असतंस, आणि तुझी आई शेजारी उभी राहून माझं प्रत्येक वाक्य दुरुस्त करत बसली असती. म्हणून कागद घेतला. लिहून झालं की तीच याचे फोटो काढून तुला पाठवणार आहे, म्हणजे आधी ती वाचणार. तेव्हा तिच्याविषयी सगळं चांगलंच लिहीन म्हणतो. अक्षर मोठं आलंय, त्याचं कारण पुढे येईल.

आधी पाणघोड्याची हकिकत ऐक. तुझ्याकडे चित्रण आलं तेव्हा तुला नुसता रिकामा सोफा दिसला असेल. त्या सोफ्याने आम्हाला किती नाच नाचवलं हे तुला कुठून कळणार? मी खरा सोफा, खरी खोली, खरी बाई टिपायची आणि तू संगणकावर त्यात नसलेलं जनावर आणून बसवायचं, ही आपल्या बाप-लेकीची वाटणी. लोक विचारतात, मुलगी काय करते? मी सांगतो, मी अर्धवट टाकलेली कामं पुरी करते. तुझी आई म्हणते, घरात ते काम मी करते.

तर जाहिरात सोफ्याची. आजीबाई विणत बसल्या आहेत, शेजारी पाणघोडा येऊन बसतो, सोफा तक्रार करत नाही, संपलं. ऐकायला सोपं. पण पाणघोडा नंतर येणार असला तरी सोफा आत्ताच दबला पाहिजे, नाहीतर तुझा एवढा मोठा प्राणी फुग्यासारखा तरंगताना दिसेल. आमच्या सुताराने बैठक खालून कापली, खाली पट्टे लावले आणि स्वतः सोफ्याखाली आडवा झाला. त्याने पट्टे ओढले की बैठक खाली जाणार. त्याने साधा प्रश्न विचारला की हळू ओढू की एकदम? आमचा दिग्दर्शक म्हणाला, बघू, नंतर करू. या माणसाचं सगळ्या युनिटने नावच ‘नंतरकरू’ ठेवलंय. हुशार आहे, मनाचा चांगला आहे, पण दिवा हलला तरी नंतर करू, भिंतीवर डाग दिसला तरी नंतर करू. हे ‘नंतर’ म्हणजे तू, हे त्याला माहीतच नाही. त्याला वाटतं ‘नंतर’ नावाचं एखादं यंत्र असतं.

सुताराचा प्रश्न शेवटी आजीबाईंनी सोडवला. रंगभूमीवर उभं आयुष्य काढलेली बाई. तिला नजर ठेवायला आम्ही काठीवर एक पिवळा चेंडू लावला होता, तोच पाणघोड्याचा डोळा. तिने चेंडूकडे बघितलं, सुया मांडीवर ठेवल्या आणि विचारलं, “हा जावई आहे की मुलगा? जावई असेल तर मी सावरून बसेन. मुलगा असेल तर नुसता पाय सरकवेन.” नंतरकरू गोंधळला. मी कॅमेऱ्यामागूनच सांगून टाकलं की मुलगा. झालं, सगळं जागेवर आलं. मुलगा घरी आला की धपकन बसतो, म्हणून सुताराने पट्टे एकदम ओढले. बाईंनी वर न बघता पाय सरकवला आणि मग हळूच चेंडूकडे एक नजर टाकली. अगं, त्या चेंडूला कान फुटले असं वाटलं मला. तुझा पाणघोडा इतका जिवंत झालाय त्यात थोडा वाटा त्या नजरेचा आहे, हे तुझ्या कंपनीत सांग.

आता गोळ्याकडे येतो. प्रत्येक मांडणी झाली की तो चकचकीत गोळा कॅमेऱ्यासमोर धरून टिपायचा, म्हणजे उजेड कुठून येतो ते तुम्हाला तिकडे कळतं. युनिटमध्ये सगळ्यांना त्याचा कंटाळा. जेवणाची सुट्टी जवळ आली की गोळा राहू दे म्हणतात. मी कधी राहू दिलेला नाही. गेली काही वर्षं तर मुळीच नाही, कारण तूच एकदा म्हणाली होतीस की चित्रण उघडलं की तू आधी गोळ्यात मला शोधतेस. सगळी खोली त्यात वाकून दिसते आणि मधोमध कॅमेरा खांद्यावर घेतलेला मी, तिळाएवढा. टोपी दिसली की कामाला लागतेस, म्हणालीस. तेव्हापासून गोळा पुढे आला की मी टोपी नीट करतो. बाप आहे, एवढी मिजास चालायचीच.

म्हणजे बघ, पन्नास माणसांच्या युनिटपासून जी गोष्ट मी लपवली, तिचा पुरावा मी स्वतः नीट प्रकाश देऊन तुला पाठवला. तुझ्या आईला हे सांगितलं तर ती इतकी हसली की डोळे पुसायला तिला पदर लागला. मग पदर तिने बराच वेळ डोळ्यांवरच धरला.

होय, डावा डोळा. उजव्याच्या आतल्या पडद्यावर मधोमध डाग पडलाय. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं, चित्र काढून दाखवलं. गेलेलं परत यायचं नाही, पण वाढू नये म्हणून इंजेक्शनं चालू आहेत. डावा ठणठणीत आहे. उजव्याने बघितलं तर कडेचं सगळं दिसतं, मधला माणूस तेवढा गायब. तुम्ही शॉट झाल्यावर माणसांना बाजूला करून रिकामी खोली टिपायला लावता ना, पुढे खाडाखोड करायला सोपं जावं म्हणून? तसं माझा उजवा डोळा आता न सांगता करतो. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा तुझी आई समोर बसून वर्तमानपत्र वाचत होती. डावा डोळा चोळायला हात गेला आणि खुर्ची दिसली, वर्तमानपत्राच्या कडा दिसल्या, ती दिसली नाही. मी घाबरलो, भिंगरे. आयुष्यात क्वचित घाबरलोय, पण तेव्हा घाबरलो.

घाबरून झाल्यावर मी विचार केला की नजर तर एकाच डोळ्याने लावायची असते, मग दुसरा लावू. इतका सोपा हिशेब. डाव्याने चौकट बघायला लागलो, आणि खोटं कशाला बोलू, चौकट उत्तम येत होती. पण तुला आपल्या कॅमेऱ्याची ठेवण माहीत आहे. उजव्या खांद्यावर कॅमेरा, उजवा डोळा आत, डावा बाहेर मोकळा. सगळी कारकीर्द माझा डावा डोळा बाहेरचं राखत आला. कोण येतंय, पायात वायर आहे का, टेबलाचा कोपरा किती लांब आहे, सगळी त्याची जबाबदारी. आता डावा आत घेतला तर तोंड आडवं वळवावं लागतं आणि उजवा कॅमेऱ्याच्या अंगामागे झाकला जातो. म्हणजे मी चौकट बघत होतो आणि बाहेरचं जग माझ्यापुरतं बंद होतं. तू गोळ्यात नेमकं हेच पकडलंस, टोपी रोजच्या बाजूला नव्हती.

शेवटचा शॉट आठव. आजीबाईंच्या हातांपासून निघायचं, सोफ्याला वळसा घालायचा आणि त्या डोकं टेकवतात तिथे पोचायचं. डोकं टेकवायला तिथे काहीच नव्हतं, नुसती हवा. बाईंनी हवेवर डोकं टेकवलं आणि मानेत जरासुद्धा थरथर नाही. मी वळसा घेत होतो आणि माझी मांडी दिव्याच्या तिवईवर आपटली. कॅमेरा खाली गेला, मी सावरला. पण वर तो जड दिवा झुलला, बाईंच्या डोक्यावर बरोबर. आमच्या फोकसवालीने, म्हणजे अंतर मोजून फोकस सांभाळणाऱ्या माझ्या सहाय्यक पोरीने, हातातली टेप टाकून तिवई धरली. माझ्याकडे बघितलं. नंतरकरू मॉनिटर सोडून बाईंच्या समोर उभा होता, त्याचे डोळे भरून आले होते, त्याला बाकी काही दिसलंच नाही. मी म्हणालो, पुन्हा घेऊ. तो म्हणाला, काही गरज नाही, हाच. आणि काही असलंच तर नंतर करू.

काल त्याने मला तयार जाहिरात दाखवली. मी धक्क्याची वाट बघत बसलो होतो. आला नाही. पाणघोडा बसला, बाईंनी त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि कॅमेरा पाण्यासारखा वाहत तिथे पोचला. दिवा हलल्यामुळे भिंतीवरची सावली झुलली होती, तीही तू काढलीस. मला माहीत होतं म्हणून मी शोधत होतो, तरी सापडली नाही. कारागीर म्हणून सांगतो, असं काम मी फार थोड्या लोकांचं बघितलंय. आणि बाप म्हणून सांगतो, मला गहिवरून आलं. कारण असे धक्के तुम्ही रोज काढता हे खरं, पण हा काढताना तुला कळलं होतं की तो कशाचा आहे. गोळा तू आधीच बघितला होतास. कुणाला काही न सांगता तू बापावर पांघरूण घातलंस. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, त्यामुळे रागावायची सोय नाही.

आता पत्राचं खरं कारण. जाहिरात बघून झाल्यावर मी नंतरकरूला बाजूला घेतलं आणि डोळ्याचं सगळं सांगितलं. म्हणालो, पुढच्या कामापासून कॅमेरा फोकसवालीच्या खांद्यावर द्या. प्रकाश माझा, आखणी माझी, मी मॉनिटरसमोर बसून चौकट सांगेन आणि आजवरपेक्षा चांगलं काम करून दाखवीन. हे मी उगाच म्हणालो नाही. मला येतं ते डोळ्याच्या मधोमध नव्हतंच कधी. पण त्याने काय करावं? तो हसला. “काका, शॉट लोण्यासारखा आहे, आणि तुम्ही म्हणता दिसत नाही?” त्याला वाटलं मी कशावरून तरी रुसलोय. मी दिव्याचं सांगितलं, तर म्हणाला तसं काही चित्रात नाही. त्याच्या बाजूने तो बरोबरच आहे, चित्रात खरंच नाही. वर पुढचं काम सांगितलं, मुलांच्या बुटांचं. मैदान, पळणारी वीस-पंचवीस पोरं, वरून तुमचा देवमासा उडत जाणार, आणि कॅमेरा खांद्यावर घेऊन त्या पोरांमधून उलटं पळायचं. म्हणे हे तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. फोकसवालीचं नाव त्याने कानावरही घेतलं नाही. ती शेजारी उभी होती, आणि मला तिच्यासमोर लाज वाटली. मी नाही म्हणून घरी बसू शकतो, पण मला घरी बसायचं नाही आणि तिचा हक्काचा खांदा दुसऱ्या कुणाला जाऊ द्यायचा नाही. त्या पोरांमधलं एखादं माझ्या उजव्या बाजूने आलं तर, हा विचार काल रात्रभर माझ्या उशाशी बसला होता. तेव्हा भिंगरे, एक काम कर. ते मूळ चित्रण, जसंच्या तसं, पाणघोडा न घालता, धक्क्यासकट आणि झुलत्या सावलीसकट, आज त्याला पाठव. जाहिरातीत तुझाच शॉट राहू दे, तो सुंदर आहे. पण त्याला एकदा खरा दाखव. तू जे काही पुसशील ते आयुष्यभर पुस, तुझा हात असाच सफाईचा राहो. एवढा एक धक्का मात्र माझा आहे, तो माझ्या नावावर राहू दे.

तुझाच, अजून पुष्कळ दिवस कामावर येणारा,
बाबा