कोरासाठी साडेसहाची रायफल

लुईसटाउन, मोंटाना
रविवार, ९ जून २०१९

प्रिय गॅरेट,

तू आणि लीनेट मजेत असाल अशी आशा आहे. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण कुरकुरण्यात अजून माझ्या मागेच आहे. सहा वर्षांनी थोरल्या भावाचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही.

विषय तुझ्या लेकीचा आहे. कोरा एप्रिलपासून दर रविवारी माझ्याकडे येते. तिला हजार यार्डांवरची नेमबाजी शिकायची आहे आणि पहिली रायफल घ्यायची होती. तुला न सांगता आली, त्यासाठी ओरडायचं असेल तर मला ओरड. सव्वीस वर्षांची, दिवसभर बैलांना इंजेक्शनं देणारी मुलगी तुझं ऐकून थोडीच घेणार आहे?

दुकानात काउंटरमागच्या गृहस्थांनी थेट तीनशे मॅग्नमच, म्हणजे मोठ्या दणक्याची रायफल, काढून ठेवली. "ताई, लांबचं मारायचं तर मोठीच घ्या." कोराबाईंच्या डोळ्यांत लगेच चमक! मी म्हटलं, "अहो, तिला कागदाला भोकं पाडायची आहेत, हत्ती नाही मारायचा." मग मी माझं मत ऐकवलं, आणि याबाबतीत माझं मत बरोबर असतं हे तूही नाकारणार नाहीस. तीनशे आठची साधी रायफल चांगली, शिकवते भरपूर, पण हजार यार्डांपर्यंत जाता जाता तिची गोळी वाऱ्याबरोबर फार वाहवते. मॅग्नम लांब जाते, पण खांद्याला लाथ घालते. साडेसहा मिलिमीटरच्या क्रीडमोर काडतुसाची गोळी लांबट, वाऱ्याला फारशी भीक न घालणारी. धक्का बेताचा, काडतुसं कुठल्याही दुकानात मिळतात. नळी मात्र जाड हवी, आणि दुर्बिणीत कंजुषी नको.

"मग तुमच्याकडे मॅग्नम कशी?" कोरानं विचारलं.

"मला सवय आहे," मी म्हटलं.

साडेसहाचीच घेतली. तिसऱ्या रविवारी तिनं आठशे यार्डांवर सलग पाच गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत घातल्या. मी तर टोपीच उडवली.

आता मूळ गोष्ट. इतका वेळ रायफलींवर बडबडलो तो ती टाळायलाच.

आपण नवशिक्याला काडतूस स्वतः भरू देत नाही. शेजारचा भरतो, आणि मध्येच गुपचूप एक उडवलेलं, रिकामं सरकवतो. चाप ओढला की बार होत नाही, आणि माणूस धक्क्याला आधीच दचकत असेल तर ते उघडं पडतं. कोरावर मी हे करून पाहिलं. ती ढिम्म हलली नाही. मग म्हणाली, "काका, आता तुमची पाळी." माझ्या मॅग्नममध्ये ती एकेक काडतूस भरू लागली. तिसऱ्या वेळी नुसतं टक् झालं. माझा खांदा पुढे गेला आणि नळीचं तोंड खाली झुकलं. डोळेसुद्धा मिटले होते.

कोरा हसली नाही. म्हणाली, "काका, त्या दिवशी बाबांनी सांगितलेला वारा चुकलाच नव्हता ना?"

"नव्हता," मी म्हटलं.

तिला सांगणं सोपं गेलं. तुला सांगताना अजून थोडं उरतं. सहा वर्षांपूर्वीच्या जोडीच्या त्या सामन्यात नेम माझा होता आणि वारा सांगायचं काम तुझं; शेवटच्या गोळीला तू दुर्बिणीतून मृगजळ कुठे सरकतंय ते पाहून "दोन डावीकडे" म्हणालास. मी तेवढंच वळवलं. गोळी निशाणाच्या सरळ खाली, मातीत गेली. वारा गोळी डावी-उजवीकडे नेतो, मातीत गाडत नाही. तीस वर्षं हेच करणाऱ्याला ते त्याच क्षणी कळतं. मला कळलं होतं. तरी क्लबात सगळ्यांसमोर ओरडलो, "याच्यापेक्षा कुंपणाच्या खांबाला वारा जास्त कळतो!" लोक हसले. तू दुर्बीण गाडीत ठेवलीस आणि परत तिथे पाऊल टाकलं नाहीस. मी धक्क्याला घाबरतो हे कबूल करायची मला लाज वाटली, गॅरेट, म्हणून मी तुझं नाव घालवलं.

आज सकाळी क्लबात, त्याच लोकांसमोर उभा राहून मी हे सगळं सांगितलं. म्हातारा डेल्बर्ट कॉफी ढवळत म्हणाला, "एवढं सांगायला सहा वर्षं लागली? धुरळा कुठे उडाला ते आम्ही सगळ्यांनी तेव्हाच पाहिलं होतं." म्हणजे त्या दिवशी लोक हसले होते ते मला. हे कोणी तुला सांगितलं नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

ऑगस्टमध्ये पुन्हा जोडीचा सामना आहे. कोरानं अर्जावर नेमबाज म्हणून स्वतःचं नाव लिहिलंय. वारा सांगणाऱ्याची ओळ मोकळी आहे. मी माझं नाव पुढे केलं, तर म्हणाली, "नको काका. मला बाबा हवेत." अर्ज सोबत पाठवतोय. माझ्यासाठी येऊ नकोस. मी त्या दिवशी निशाणं वर-खाली करणाऱ्यांबरोबर खंदकात असेन, तुला माझं तोंडही दिसणार नाही. तू फक्त तिच्या शेजारी आडवा हो आणि तुला दिसतं ते सांग. ती ऐकेल.

तुझं ऐकूनही तुलाच खोटं पाडणारा,
तुझा भाऊ
वेन्डल