पुढच्या खोलीत कलमे फुंकू नयेत

मी, शकिला बेगम, मरहूम गुलाम रसूल शेख पेटीवाले यांची पत्नी, वय अडुसष्ट, राहणार लातूर, आज लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण त्यांचा या कामाशी संबंध नाही. मला कोणी धाक दाखवलेला नाही की फूस लावलेली नाही. धाकट्या मुलाने उपदेश केला आणि थोरल्याने दुआ पढून फुंकलेले पाणी पाजले, परंतु दोन्हींचा माझ्यावर काही परिणाम झालेला नाही, हे माझे वकील धोंडप्पा यांनी समोर बसून पाहिले आहे.

हे मृत्युपत्र मराठीत का, तेही सांगते. घरात आम्ही दखनी बोलतो, पण माझी शाळा कंधारची आणि मराठी, सातवीपर्यंत. शिवाय थोरल्याचा, म्हणजे अमानचा, उर्दूवर फार हात बसला आहे. उर्दूतल्या कोणत्याही शब्दातून तो आपल्या सोयीचा अर्थ काढून दाखवतो. मराठीत त्याची गाडी अडते, हे पुढे पाटीच्या भानगडीत येईलच.

कलम एक. माझी मिळकत म्हणजे राहते घर, त्या घराची रस्त्याकडची पुढची खोली, जिथे आमचे पत्र्याच्या पेट्यांचे दुकान आहे, आणि दुकानातली हत्यारे. बँकेत काय आहे ते बँकेला विचारावे. शरियतप्रमाणे यातले एक तृतीयांशच मला माझ्या मर्जीने देता येते, आणि तेही वारसाला नाही. बाकीचे अल्लाहने आधीच वाटून ठेवले आहे, अमान आणि अरीब या दोन मुलांना सारखे. त्यात माझे काही चालत नाही. चालले असते तर हे मृत्युपत्र बरेच आटोपशीर झाले असते.

कलम दोन. माझ्या मर्जीचा हिस्सा मी माझी नात मनतशा हिला देते. ती अमानची मुलगी. बाप हयात असल्यामुळे ती माझी वारस ठरत नाही, म्हणूनच तिला देता येते. अमानच्या असण्याचा मला झालेला हा पहिला फायदा. पुढची खोली आणि सगळी हत्यारे तिची. हे एक तृतीयांशात बसते, याची वकिलांनी खात्री करून घेतली आहे. खोलीत तिने पेट्या कराव्यात, पोरांना शिकवावे, नाहीतर कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकावी. अट एकच. त्या खोलीत कोणाचेही कलम, म्हणजे लिहायचे पेन, फुंकले जाणार नाही.

या अटीमागची हकिकत लिहिणे भाग आहे, कारण अमान ती कोर्टात वेगळी सांगेल.

आमच्या पेट्या आधी नवरीसोबत सासरी जायच्या. मग लातुरात शिकवण्यांचे पीक आले आणि गल्लोगल्ली डॉक्टर करण्याचे कारखाने निघाले. अर्धापूर, कंधार, निलंगा, कुठून कुठून बाप पोरांना घेऊन यायचे. आधी खोली बघायची, मग पेटी घ्यायची. झाकणावर पोराचे नाव आणि गाव मी रंगाने लिहायची. पेटी उचलताना बाप हमखास म्हणायचा, "चाची, पोरासाठी दुवा करा." मी म्हणायची, करते. आणि नमाज झाल्यावर नाव घेऊन करायची. यात धंदा कुठे होता? पण अमानला तो दिसला. पत्रा कापताना एकदा बोट चिरल्यापासून हा माणूस पत्र्याच्या वाटेला गेला नव्हता. त्याने पेट्या भिंतीला सारल्या, मध्ये गादीची खुर्ची टाकली, आणि परीक्षेला जाणाऱ्या पोरांची पेने फुंकून द्यायला लागला.

मी त्याला विचारले, "अरे, त्या डॉक्टरीच्या परीक्षेत बाहेरचं पेन आत नेऊच देत नाहीत. तिथं त्यांचंच पेन मिळतं. मग तू फुंकतो काय?"

तो म्हणाला, "अम्मी, असर बोटात राहतो."

असर बोटात राहत असेल तर पेन कशाला, असे विचारायला गेले तर तो वजूला, नमाजेआधीचे हातपाय धुवायला, उठला.

मग त्याने पाटी लावली. रंगवणाऱ्याने मराठीत ठसठशीत लिहिले, 'दुवा केंद्र'. आता मराठीत दुवा म्हणजे आशीर्वाद, आणि दुवा म्हणजे जोडणीसुद्धा, साखळीतली कडी. ते आधार कार्ड जोडण्याचे दिवस होते. दुसऱ्याच दिवशी अर्धापूरचे एक केळीवाले शेतकरी आधारची झेरॉक्स घेऊन खुर्चीसमोर बसले आणि म्हणाले, "साहेब, बँकेचं खातं जोडून द्या." अमानने झेरॉक्सवर फुंकर मारली आणि बरकत होईल म्हणून सांगितले. ते बिचारे आठवड्याने परत आले, खाते अजून जोडले गेले नाही म्हणून भांडायला.

मी त्या दिवशी खूप हसले, आणि नंतर वाटले की पाटी बरोबरच होती, वाचणाराही बरोबर होता, तेवढा खुर्चीतला माणूस चुकीचा होता. दुआ म्हणजे जोडणीच आहे. मागणारा इकडे, देणारा तिकडे, मध्ये कोणी नाही. नमाजेचे शब्द ठरलेले, तिची वेळ ठरलेली, तोंड कुठे करायचे तेही ठरलेले. दुआला यातले काही लागत नाही. चुलीपुढे बसून मागा, एसटीत मागा, ज्या भाषेत आईला हाक मारता त्या भाषेत मागा. दुआ हा इबादतीचा, भक्तीचा, मगज आहे, असे आमच्यात लहानपणापासून ऐकवतात. अमानने तो मगज काढून दुकानात मांडला आणि लोकांच्या हातात नुसते हाड दिले.

आणि त्याची हुशारी पाहा. दुआ कधी लगेच फळते, कधी तिच्या बदल्यात एखादी बला टळते, कधी ती आखिरतसाठी, मेल्यानंतरच्या हिशेबासाठी, जमा राहते, ही आमच्या दीनची, धर्माची, शिकवण आहे. दुखावलेल्या माणसाने धीर धरावा म्हणून ती आहे. अमानने तिची हमीपत्रातली बारीक अक्षरे केली. पोरगा पास झाला तर माझी दुआ, नापास झाला तर आखिरतमध्ये जमा. असा बुडीत न जाणारा धंदा आमच्या सात पिढ्यांत कोणी केला नव्हता.

कलम तीन. आता मनतशाबद्दल, कारण या मृत्युपत्राचे मूळ तिथे आहे. तिने ती परीक्षा दोनदा दिली. पोरगी पहाटे फजरला उठायची, नमाज पढायची, आणि मग इतका वेळ हात पसरून बसायची की तिचा चहा निवून जायचा. दोन्ही वेळा राहिली. गिऱ्हाइके विचारायला लागली, घरचीच पोरगी नापास, मग आमच्या पेनाचं काय? तेव्हा माझ्या थोरल्या चिरंजीवांनी, त्याच लेकीच्या बापाने, भरल्या दुकानात सांगितले की पोरीची नियत साफ नाही, म्हणून तिची दुआ वरून परत येते. ती आतल्या दारात उभी होती. मीही होते.

ती आता नमाज पढते, शेवटचा सलाम फेरते आणि लगेच उठते. हात पसरत नाही. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाली, "दादी, दोन वर्षं मागून राहिले ना मी. अब्बा म्हणतात परत येऊन राहिली. मग कशाला त्रास द्यायचा वरच्याला?"

अमान, तुझे बाकी सगळे मी माफ केले असते. हे करत नाही. मरताना सगळ्यांना माफ करून जावे म्हणतात. मी तुझ्यापुरते ते काम शिल्लक ठेवून जात आहे. ज्या दिवशी मनतशा तुला माफ करील त्या दिवशी माझीही माफी झाली असे समजावे.

कलम चार. हिरव्या रंगाची लहान पेटी साखराबाई अण्णाराव बिराजदार, राहणार किल्लारी, यांना द्यावी. या माझ्या कोण, असे अरीब विचारील, म्हणून सांगते. भूकंप झाला तेव्हा आमचे पेटीवाले, म्हणजे माझे मरहूम, पत्रे कापायला किल्लारीला गेले आणि मी त्यांच्यासोबत भाकरी घेऊन गेले. तिथे मदतीचा ट्रक आला होता. वाटपाआधी एका मौलानांनी माइकवर लांबलचक दुआ केली, फोटोवाला हलेपर्यंत हात खाली घेतले नाहीत. त्यांच्या मागून एका पुढाऱ्याने भाषण केले. दोघांचे होईपर्यंत भाकरी वाळल्या आणि पोरे रडून थकली. साखराबाई बाजूला दगडांच्या ढिगाशी बसल्या होत्या. त्यांची लेक साक्षी त्या ढिगाखालून निघाली होती. मी भाकरी पुढे केली तर त्या म्हणाल्या, "भाकर नगं बाई. मला रडूच यीना. तुमच्यात हात पसरून मागत्यात न्हवं? तेवढं मागा माझ्यासाठी."

मला पाठ असलेल्या दुआ आठवून पाहिल्या. एकही तिथे लागू पडेना. शेवटी हात पसरले आणि मराठीतच बोलले, "या अल्लाह, हिला रडू दे." त्यांना शब्द कळले. मग त्या रडल्या, दिवस मावळेपर्यंत रडल्या. दुआ कबूल झाली, की आपल्यासाठी कोणी मागते आहे एवढे ऐकूनच बाईचा बांध फुटला, ते मला आजतागायत माहीत नाही. अमानला माहीत असेल, तो खुर्चीत बसतो.

कलम पाच. धाकटा अरीब नांदेडला असतो आणि त्याला सगळे चुकीचे दिसते. अमान नको तिथे दुआ करतो, तर हा हवी तिथे करू देत नाही. नमाजेनंतर मी हात उचलले की म्हणतो, "अम्मी, असं सगळ्यांनी मिळून करणं दीनमध्ये नाही." अरे, मी स्वयंपाकघरात एकटी आहे, सगळे कुठे दिसले तुला?

या दोघांनी बापाच्या मय्यतीला जे केले ते मी गच्चीवरून पाहिले. जनाज्याची नमाज झाली. अमानने मोठ्याने दुआ सुरू केली. अरीबने येऊन त्याचे वर केलेले हात धरून खाली ओढले. त्याने पुन्हा वर केले, याने पुन्हा ओढले. मे महिन्याचे ऊन, जनाजा तसाच ठेवलेला, आणि लोक अर्धे या बाजूला, अर्धे त्या बाजूला. आमचे शेजारी गुरुपादप्पा खांदा द्यायला आले होते. त्यांना वाटले पोरांना दुःख अनावर झाले आहे, म्हणून ते दोघांची पाठ थोपटत राहिले.

म्हणून लिहिते. माझ्या जनाज्याची नमाज मशिदीचे इमाम पढवतील. त्या नमाजेत रुकू नाही, सजदा नाही, म्हणजे वाकणे नाही की माथा टेकणे नाही. ती उभ्याने मागितलेली दुआच आहे, मेलेल्या माणसासाठी. ती संपली की दुआ झाली. त्यानंतर अमानने तोंड बंद ठेवावे आणि अरीबने हात खिशात. मला उन्हात ठेवू नये. दोघांपैकी कोणालाही वाद घालायची हौस असेल तर मला पुरल्यावर कब्रस्तानच्या बाहेर चहाची टपरी आहे, तिथे घालावा.

कलम सहा, आणि शेवटचे. माणूस मेला की त्याचा कारभार थांबतो, पण मागे त्याच्यासाठी मागणारी नेक औलाद असेल तर तिचे मागणे त्याला पोचत राहते, असे आमच्यात सांगतात. मी माझी औलाद मोजून पाहिली. एक दर लावल्याशिवाय मागत नाही, दुसरा मागावे की नाही याचा निकाल लावतो आहे. मला भीती कशाचीच वाटत नाही, याची वाटते. वर जाऊन बसेन आणि खालून कोणी नावही घेणार नाही. ज्या एका पोरीने घ्यावे असे वाटते तिने हात पसरणे सोडले आहे, आणि ते माझ्याच घरात, माझ्याच लेकाने सोडवले आहे.

मनतशा, माझ्यासाठी दुआ माग अशी अट मी तुला घालत नाही. खोली त्याशिवायही तुझीच. दुआ वसियतीत लिहून घेता येत नाही, नाहीतर वकिलांनी केव्हाच तिचा नमुना छापला असता. एवढेच सांगते की तुझा बाप खोटे बोलला. मागणे परत येत नाही. आणि मागावेसे वाटत नसेल तर भांड. तो तेही ऐकतो.

पुरवणी, सह्यांच्या आधीची. वरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा होता. वकिलांचा चष्मा गाडीत राहिला, म्हणून वाचायला मनतशाला बोलावले. मी नको म्हणत होते. ती कलम तीनपाशी थांबली नाही, पण शेवटच्या कलमाला थांबली. मग पूर्ण वाचले, कागद खाली ठेवला आणि मला म्हणाली, "मेल्यावर कशाला? आत्ता बसलीय ना समोर."

आणि वकील, साक्षीला आलेले गुरुपादप्पा आणि साखराबाई या सगळ्यांसमोर तिने हात पसरले. दखनीत नाही, साखराबाईंना कळावे म्हणून मराठीत बोलली, "या अल्लाह, ही म्हातारी लई खवट हाय. हिला तिथं नेऊन तुला काय मिळणार? राहू दे माझ्याजवळ."

साखराबाईंनी आमीन म्हटले. गुरुपादप्पांनी म्हटले. धोंडप्पा वकिलांनी, हे मसुद्यात घ्यायचे का असे विचारता विचारता म्हटले. शेवटी मीही म्हटले.

तरी हे मृत्युपत्र रद्द समजू नये. आजच्या घटनेने त्यात बदल एवढाच की अमान आणि अरीब यांनी घाई करू नये. अर्ज वर गेलेला आहे.

लिहून देणार : शकिला बेगम गुलाम रसूल शेख (सही)

साक्षीदार :
१. साखराबाई अण्णाराव बिराजदार, रा. किल्लारी (सही)
२. गुरुपादप्पा कोरे, शेजारी, रा. लातूर (सही)

साक्षीदार दोघेही आमच्या जमातीबाहेरचे आहेत. जमातीतले बोलावले असते तर सही करण्याआधी त्यांनी आमीन मोठ्याने म्हणायचे की मनात, यावर दुपार घालवली असती.

ठिकाण : लातूर
दिनांक : १२ डिसेंबर २०१८