टाकीखालच्या काचा

प्रिय हत्ती,

बुटात कागद कोंबण्याचा आगाऊपणा केला, त्याबद्दल रागावू नकोस. तुझ्या खोलीच्या दाराखालून सरकवला असता तर तू अक्षर बघूनच फाडला असतास, आणि फोनवर तर तू मला केव्हाच बंद करून टाकलंयस. वरच्या हॉलला कुलूप, किल्ली तुझ्या गळ्यात. राहता राहिले दाराबाहेरचे तुझे हे रबरी बूट. मी हे आदल्या दुपारी लिहितेय. तू वाचशील तेव्हा उद्घाटनाची सकाळ असेल, तू पाण्यात उतरायच्या घाईत असशील आणि अंगठ्याला कागद लागला म्हणून मला दोन शिव्या देशील. दे. फक्त नळाला हात लावायच्या आधी पायरीवर बस आणि हे शेवटपर्यंत वाच.

आपल्याला ही नावं कशी पडली, आठवतं ना? पहिल्या वर्षी तू म्हणजे नुसती काठी, वाऱ्यानं उडशील असा, पण काम करायचास ते बैलगाडीभर. तुझं ते मातीचं डोकं उचलायला चौघं लागले होते आणि तरी स्टँड मोडलाच. मी मात्र दोरा, धूळ, भिंतीवरची ओल असलं काहीबाही गोळा करत फिरायची, म्हणून मुंगी. न्हाणीघराच्या गळक्या छताखाली मी महिनाभर कागद ठेवले आणि त्यांवर उमटलेले पिवळे डाग प्रदर्शनात लावले, तेव्हा अख्खा वर्ग हसला होता. तू हसला नव्हतास. तू बराच वेळ उभा राहिलास आणि म्हणालास, हे घराचं घामेजणं आहे. त्या एका वाक्यावर मी तुझ्या प्रेमात पडले. नंतर आपलं काय झालं ते झालं, पण ते वाक्य मी अजून परत केलेलं नाही.

आपले सर काय शिकवायचे? आजच्या कलेनं उत्तर द्यायचं नसतं, प्रश्न उभा करायचा असतो. तीन वर्षं हे ऐकून ऐकून मीही तेच बोलायला लागले होते. पण आता माझ्या कामानं सरळ एक उत्तर दिलंय, आणि सगळे त्याच्याकडे प्रश्न म्हणून बघत माना डोलावतायत. यावर हसावं का रडावं, ते मला कळत नाही.

काचांची कल्पना कुठून आली, हे मी तुलाही कधी सांगितलं नाही. सरांना मी माणसाच्या नाजूकपणावर काहीतरी भाषण ठोकलं होतं, ते निव्वळ थापा. खरं असं, की मी शाळेत असताना आमच्या डोक्यावरच्या बिऱ्हाडानं गच्चीत एक खोली चढवली आणि आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेला. एक तपासनीस आला. त्यानं तड्यावर आडवी एक पातळ काचेची पट्टी ठेवली, दोन्ही टोकं प्लास्टरनं चिकटवली आणि आईला म्हणाला, भिंत हलायला लागली तर ही आधी सांगेल. काच वाकत नाही, ताणत नाही, थेट तुटते. तेव्हापासून आई रोज सकाळी गॅस पेटवायच्या आधी काच बघायची. एके दिवशी ती मधोमध तुटलेली दिसली. आईनं सिलिंडरचं बटण बंद केलं, आम्हा दोघा भावंडांचे हात धरले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी मावशीकडे निघून गेली. बाबा संतापले, आत्या हसल्या. इमारत आजही उभी आहे. मालकानं नंतर गुपचूप लोखंडी खांब लावून घेतले, पण ते कोणी बोलत नाही. चार माणसं जमली की अजूनही कोणीतरी म्हणतंच, वहिनी, आज काच बघितली का? आई सगळ्यांबरोबर हसते. मी एकदा चिडून विचारलं, तू हे ऐकून कसं घेतेस? ती म्हणाली, हसतायत ना, हसू देत. हसायला सगळे शिल्लक आहेत, त्यातच सगळं आलं.

तर खालच्या हॉलमध्ये मी तेच केलं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तसल्या पातळ पट्ट्या आणल्या आणि भिंतीवर, खांबांवर, छताच्या तुळईवर जिथे म्हणून तडा दिसला तिथे चिकटवल्या. म्हातारी इमारत, आधीचं गोदाम. तिचे सगळे तडे जुने आणि निजलेले असतील, असं मी धरून चालले होते. लोकांनी नुसत्या धडधाकट काचा बघायच्या आणि तरीही मनात चर्र व्हायचं, एवढीच माझी गंमत होती. त्यातली एकही तुटेल असं मला वाटलं नव्हतं.

आणि मग वरचा हॉल तुला मिळाला, अख्ख्या हॉलची पाण्याची टाकी करायला. हो, मलाही हवा होता. तुला मिळाला म्हणून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, की पाणी भरलं की कला होत असेल, तर आमच्या गच्चीवरच्या टाकीलाही बक्षीस द्या. सगळे हसले, तुझे कान लाल झाले. ते एक वाक्य मला इतकं महागात पडलंय की विचारू नकोस. आता मी काहीही बोलले तरी ते कोल्ह्याचं आणि द्राक्षांचंच होतं. पण एक सांगते, खोटं वाटलं तर वाटू दे. तू घोट्याएवढं पाणी भरलंस तेव्हा मी दाराच्या फटीतून बघितलं होतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काळंभोर पाणी, त्यात उलटं छत, आणि खाली जमीन आहे की नाही कळू नये असं. मी आजवर जमवलेली सगळी धूळ त्यावरून ओवाळून टाकावी, असं ते काम आहे.

त्याच दुपारी मधल्या खांबावरच्या काचेला केसाएवढी रेघ दिसली. मी म्हटलं, रस्त्यावरून एखादा ट्रक गेला असेल, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. मग सर तुला म्हणाले, घोट्याएवढ्या पाण्यात कोणी बुडत नाही, भीती वाटली पाहिजे, आणि तू ते गुडघ्यापर्यंत नेलंस. तेव्हा मी खालीच डबा खात बसले होते. शेजारच्या खोलीत कोणी निवांत बोटं मोडावीत तसा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा. मी डबा तसाच टाकून खांबाशी गेले. त्या खांबाजवळची एकही पट्टी धड राहिली नव्हती. मी नव्या चिकटवल्या, त्याही दुसऱ्या दिवशी गेल्या. आधी त्या तड्यात कागद शिरत नव्हता, आता माझी लोखंडी पट्टी आडवी आत जाते. हॉलचं दार जमिनीला घासतंय म्हणून सुतारानं ते दोनदा रंधलं. लाकूड फुगलंय, असं त्याचं म्हणणं. भर उन्हाळ्यात, हत्ती. तिथे तासभर बसून उठले की केसांत पांढरी पूड असते. वरून मात्र कसलाही आवाज नाही. तू वर दगड आपटत असतास तर लोक दचकून बाहेर तरी पळाले असते.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, पण सर किती खूश आहेत ते बघ. ते म्हणाले, आता कुठे काम जिवंत झालं, तुटलेल्या काचा झाडूसुद्धा नकोस. खालच्या वर्गातली मुलं पुढची कुठली तुटणार यावर चहाची पैज लावतात. मी प्राचार्यांना लेखी तक्रार दिली. त्यात एकही अलंकार नव्हता. हॉल धोक्यात आहे, वरचं पाणी काढा, खाली माणसं बसवू नका, एवढंच लिहिलं. त्यांनी वाचली, हसले, शिक्का मारला आणि सरांकडे पाठवली. दुसऱ्या दिवशी ती तक्रार चौकटीत घालून माझ्या कामाशेजारी लावलेली होती, वर छोटा दिवा सोडून. लोक थांबून वाचतात. एका बाईंनी मला जवळ घेऊन सांगितलं, की धोका हा शब्द फार संयमानं वापरलाय. मी काम काढून घेते म्हटलं, तर सर म्हणाले, काढून घेणं हीसुद्धा एक भूमिकाच. पालिकेत गेले, तर तक्रार इमारतीच्या मालकानं करायची असते. थोडक्यात, पालथ्या घड्यावर पाणी. मी उद्या हॉलच्या मध्ये उभी राहून किंचाळले ना, तर टाळ्या पडतील. मला भीती वाटते, हत्ती. इमारतीची वाटते, पण त्या टाळ्यांची जास्त वाटते.

माझ्या हातून चूक होत असेल, हेही मी धरून चालले आहे. आईची काच तुटली आणि घर पडलं नाही. हेही कदाचित पडणार नाही. गुडघाभर पाण्याला उभं राहिलं, तसं कमरेएवढ्यालाही राहील. पण तू ते कमरेपर्यंत भरणार आहेस ते उद्घाटनाच्या सकाळी, आणि संध्याकाळी खाली खुर्च्या मांडल्या जातील. जिना चढवत नाही अशा सगळ्या पाहुण्यांना पडद्यावर तुझं पाणी बघता यावं म्हणून ती सोय. पहिल्या रांगेत, मधल्या खांबापाशी, पंख्याखाली काकू बसणार आहेत. मी त्यांना फोन केला होता. येऊ नका, असं सांगणार होते. मी तोंड उघडलं तर त्यांना वाटलं आपलं भांडण अजून धुमसतंय. म्हणाल्या, वेडी गं तुम्ही दोघं. नवा चष्मा करून घेतलाय, पोराचं काम नीट दिसलं पाहिजे. तुझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवते, ये. इतक्या आनंदात होत्या की मी नुसतं येते म्हणाले. त्या खुर्चीवर मी येऊन बसणार आहे. तू आणखी पाणी भरलंस तरी आणि नाही भरलंस तरी. तुला धाक घालायला म्हणत नाही. तुझ्या आईला तिथे एकटीला बसू द्यायचं माझ्यानं होणार नाही, बास.

आता तू म्हणशील, पाहुणे दारात आणि टाकी रिकामी, काय तोंड दाखवू? घाबरलो म्हणू? मुंगीचं ऐकलं म्हणू? तुझा मानीपणा मी ओळखते, म्हणून तर हा सगळा खटाटोप. या कागदांच्या तळाशी एक पान वेगळं घडी करून ठेवलंय. त्यावर मी लिहिलंय, की वरचा हॉल मला मिळाला नाही या हेव्यापोटी मी तुझी किल्ली चोरली, टाकीचा तळाचा नळ उघडला आणि सगळं पाणी मागच्या गटारात सोडून दिलं. खाली पूर्ण नाव आणि सही आहे. तू फक्त तो तळाचा नळ उघड, पाणी जाऊ दे आणि ते पान प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन आपट. बाकीचं हे पत्र जाळून टाक. मी खरं लिहिलं तेव्हा त्यांनी त्याला चौकट केली. हे खोटं आहे, त्यामुळे लगेच पटेल, कोणी त्यावर दिवा लावणार नाही. ते मला काढून टाकतील. काढू देत, धूळ काय, कुठेही मिळते. तू रागावल्यासारखं कर, चारचौघांत मला बोल, हवं तितकं हस. पुढे तुझं लग्न होईल, पोरं होतील, आणि दर वेळी चार माणसं जमली की तू ती जळकुकड्या मुलीची गोष्ट सांगशील आणि काकू चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसतील. मला तेवढंच ऐकायचंय.

तुझीच,
मुंगी