पाठीवरच्या दोन रेघा

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आज विद्यापीठात उपयोजित कलेच्या तासाला सरांनी माझा लोगो भिंतीवर लावला. दोन आडव्या रेघा, खाली एक ठिपका. म्हणाले, "लांबून ओळखू येतो. सुचलं कुठून?" मी म्हणाले, "असंच, स्केच करता करता."

का बोलले मी असं? मला कुठं काय सुचलंय! ती तर आमच्या मेंढरांच्या पाठीवरची निशाणी. लोकर कातरली की आबा गेरूनं काढतात. माझा बाप मेंढरं राखतो, हे वर्गात सांगायची लाज वाटली. दुसरं काय?

आणि नेमके आजच आबा लासूरहून भाकरी घेऊन आलेले. तास सुटल्यावर त्यांना वर्ग दाखवला. भिंतीपुढं थबकले.

"ही तर आपली निशाणी! लई झ्याक काढलीस. सरांना सांगितलंस ना, कुणाची हाय?"

"नाय," मी म्हणाले. त्यांच्यापुढं खोटं बोलवेना.

आबा रागावले असते तर बरं झालं असतं. मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले. दोन रेघा, एक ठिपका, माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. रिक्षात बसताना आबा म्हणाले, "मेंढरू चुकलं तर लोक निशाणी बघून आपल्या दारात आणून सोडत्यात, बाई. तू निशाणी ठेवलीस अन् घरच पुसलंस. उद्या चुकलीस, तर तुला कुणाच्या दारात आणून सोडायचं त्यांनी?"