भिंतीवरचा खिळा

आर्णीच्या नेमसिंगमामाले,

सीईटीत मले चांगले मार्क पडले म्हणून तुम्ही तांडाभर पेढे वाटले. मले वाटलं, भाचीचं कौतुक आहे. मंग काल तुमच्या मेडिकलात आली, तर भिंतीवर नवा खिळा दिसला. विचारलं, तर गिऱ्हाइकादेखत म्हणाले, "तुह्या सर्टिफिकेटसाठी ठोकला. नागपूरच्या फार्मासिस्टचं भाड्यानं कायले लटकवायचं, घरचंच होते तर?"

मी विचारलं, "आन् मी कुठी राहीन, मामा?"

"तू सासरी. तुले दुकानात कायले यायचं?"

म्हणूनच तुम्ही माह्यासाठी हजेरी न लागणारं कॉलेज पाहून ठेवलं. तिथं गेली असती, तर कोणती गोळी कोणत्या गोळीसंग द्यायची नाही, हे मले कोणी शिकवलं असतं? उद्या कोणाच्या लेकराच्या पोटात चुकीचं औषध गेलं, तर फ्रेमीतलं नाव माहं राहीन, तुमचं नाही.

आजा गेला तवापासून त्याचा हार घातलेला फोटो त्याच भिंतीवर आहे. त्याच्या बाजूले माहा सर्टिफिकेटवरला फोटो लावून राह्यले तुम्ही. मी जिती आहे, मामा.

अमरावतीच्या कॉलेजात बी. फार्म.ची सीट मी आज पक्की केली. माही याडी म्हणते, "एकच भाऊ आहे मले, त्याले दुखवू नको." म्हणून हे पत्र धाडत नाही. शिकून आली की तो खिळा मीच उपटीन आन् काउंटरमागं माही खुर्ची मांडीन.

पेढे तवा वाटा.

तुमचीच भाची,
बबिता