ताईच्या आरशाची दुरुस्ती

सोमवार

आले एकदाची. ताईने दारातच बॅग हिसकावून घेतली आणि मी किती वाळले आहे यावर जिना संपेपर्यंत भाषण दिलं. खोली रस्त्याकडची आहे, खिडकीखाली टेबल, टेबलावर खास माझ्यासाठी आणलेला नवा सोल्डरिंगचा संच. मालकाने मोबाइल दुरुस्तीचं दुकान बंद करून मला घरी बसवल्यापासून माझे एवढे लाड कुणी केले नव्हते. डोळे भरून आले, पण दाखवलं नाही, नाहीतर तिने लगेच आईला फोन करून कळवलं असतं. धाकट्या भावाला पोचल्याचं सांगितलं तर हा गडी विचारतो, मी कधी येऊ?

बैठकीच्या खोलीत ताईने स्वतः केलेला आरसा आहे. एका बंद पडलेल्या कपड्यांच्या दुकानातून आणलेली काच, तिच्यामागे जुन्या मॉनिटरचा पडदा आणि पाठीला चिकटवलेला पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर. काचेत आपण दिसतो, कोपऱ्यात वेळ आणि हवामान. वरच्या कॅमेऱ्याने चेहरा ओळखला की नाव घेऊन नमस्कार लिहितो. सारखा बंद पडतो, तेवढा बघ, असं ताई म्हणाली. म्हटलं, त्यात काय, बघते की.

घरात दुसरा आरसा नाही. ताईचा भांग वाकडा होता. चिडवलं तर म्हणाली, हल्ली अंदाजानेच विंचरते.

मंगळवार

पडद्यावर विजेची खूण लुकलुकत होती, म्हणजे वीज पुरत नाही. मागे बघितलं तर बाईंनी फोनचा स्वस्तातला चार्जर लावलेला. डोक्याला हात लावला. चांगला अडॅप्टर जोडला, मेमरी कार्ड पुसून साठवलेल्या चेहऱ्यांसकट सगळं नव्याने भरलं. दिवसभर एकदाही बंद पडला नाही. ताईला म्हटलं, निदान चहा तरी पाज.

चहा झाल्यावर तिने मला आरशासमोर खुर्चीत बसवलं. त्याला माझा चेहरा शिकवायचा होता. लहानपणी विंचरायची तसे माझे केस विंचरत, डावीकडे बघ, उजवीकडे बघ, असं सांगत राहिली आणि कॅमेरा फोटो घेत राहिला. नाव तिनेच टाइप केलं. संध्याकाळी आरशाने लिहिलं, नमस्कार, चिमणे. मला चिमणी फक्त ताई म्हणते. फार बरं वाटलं.

गुरुवार

नवी कटकट. मी हात वर केला की आरशातला हात जरा उशिरा वर जातो. कॅमेऱ्याचं चित्र कुठेतरी अडकत असणार. चित्राचा दर्जा कमी केला, नको ते प्रोग्राम बंद केले, कॉम्प्युटर तापतो म्हणून छोटा पंखा बसवला. फरक शून्य. नाकी नऊ आणले याने.

ताई आज पहिल्यांदाच आरशासमोर उभी राहिलेली दिसली. सावकाश, मजेत भांग पाडत होती, एकदम सरळ. तिचं प्रतिबिंब मागे पडत नव्हतं. आरशाने तिला नमस्कारही केला नाही. घरच्या मालकिणीलाच ओळखत नाही, शहाणा.

शुक्रवार

जेवताना घास हातातच राहिला. अगं वेडे, कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर येतच नाही. पडद्यावर फक्त वेळ, हवामान आणि नाव. आपण दिसतो ते नुसत्या काचेत. एवढी दुरुस्ती केलेली मी, काल दिवसभर काचेला प्रोग्राम लावून बरी करत बसले होते.

उठून वायर उपटली. पडदा काळा झाला. मी मान वळवली. आतली थांबली. माझ्याकडे बघितलं, आणि मग तिने मान वळवली.

चमच्यातही तेच. रस्त्यावरच्या दुकानांच्या काचांतही.

शनिवार

ताईला सरळ विचारलं की आरसा तुला का ओळखत नाही. तिचा चेहरा पडला. मग सांगितलं सगळं, जमिनीकडे बघत. आरशातली ती एका वेळी एकालाच धरते. आधी मागे असते, मग बरोबर येते, मग पुढे जाते. पुढे गेली की ती करेल ते आपण करायचं. आपल्याच माणसाला त्या खुर्चीत बसवलं तरच सोडते. आईला बसवणं तिच्याने झालं नाही. म्हणून मी.

वर म्हणते, ये म्हणून फोन केला तो आतलीने, माझा हात नुसता मागोमाग गेला. असेल. पण केस विंचरले ते हात कुणाचे होते, असं मी विचारलं. तेव्हा तर ताई स्वतः सुटायची वाट बघत होती. माझ्यासाठी सोल्डरिंगचा संच निवडताना हिला काहीच वाटलं नसेल का? केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि कापला कुणी, तर सख्ख्या बहिणीने.

बॅग भरून गेलीसुद्धा. दारात म्हणाली, धाकटा तुझं ऐकतो.

रविवार

आतली आज माझ्या बरोबर चालली आहे. क्षणभर वाटलं, झाली दुरुस्त.

काच फोडायला हातोडी उचलली. आतलीने नाही उचलली. माझी मूठ उघडली आणि हातोडी पायाशी पडली.

मंगळवार

पुढे गेली. ती उठते, मग मी. बाहेर पडायला निघाले, ती खुर्चीत बसली — बसले. ती हसते, मग माझे ओठ —

धाकट्याला नाही. काही झालं तरी त्याला नाही. मी ताई नाही.

बुधवार

तिच्या हातात फोन. माझा अजून टेबलावर. उजवा हात लिहितोय, तेवढा माझा आहे, तेवढा तरी —

डावा उठला.

रिंग जातेय. धाकट्या, उचलू नकोस. आवाज माझा असेल पण बोलणारी मी नाही रे, मी इथे, या कागदावर —

उचलला. किती खूश झालाय. मी त्याला सांगतेय, ये, खिडकीखाली टेबल आहे, आणि त्यावर खास तुझ्यासाठी नवीन