आतला खिसा

३ जून
बारामतीच्या एका गिऱ्हाईक मॅडमनी मोबाईलवर पाठवलं. कवितांच्या छोट्या पुस्तिकेची स्पर्धा. फक्त बायकांसाठी, आणि स्वतःला बाई-पुरुष दोन्हींत न धरणाऱ्यांसाठी. वीस कविता. पानावर नाव घालायचं नाही. का म्हणून? उद्या दुसऱ्याच कुणी म्हणलं, ह्या माझ्या, तर कुणाच्या नावानं बोंब मारू?
माझ्या कविता मापाच्या वहीत, मागच्या पानांवर. माझ्याकडं झंपर शिवून घ्यायला आलेल्या बाया टेपखाली उभ्या राहिल्या की बोलतात. ते सगळं तिथं. वर नाव कुणाचंच नाही, फक्त माप.

५ जून
इथं सांगवीत टाईप केलं तर गावभर होईल, बारामतीत निम्मी गिऱ्हाइकं. म्हणून इंदापूर. दुकानात टाईपला किरण. शर्ट, बारीक केस, कानात डूल. बाई का बुवा, कळेना. दोन कविता झाल्यावर किरणने स्पर्धेचं नाव विचारलं. कशाला पाहिजे? कॉम्प्युटरमधलं समोर पुसून घेतलं, फक्त माझ्या पेन ड्राइव्हमध्ये ठेवलं. घरी येऊन झंपरला आतून खिसा शिवला, ड्राइव्ह त्यात.
सासूबाईंना, म्हणजे अम्मींना, सांगितलं, अस्तर आणायला गेले होते. त्यांनी रिकाम्या पिशवीकडं बघितलं. शिवण त्यांनीच शिकवली मला. नुसतं बघून माप सांगतात, इंचाचा फरक पडत नाही.

१० जून
उरलेल्या कविता टाईप. किरणही स्पर्धेत उतरणार! "फॉर्मात माझ्यासाठी जागा हाय. आजवर कुठं नव्हती." तोंडावर बोलले, तुमी माझ्या उचलणार न्हाय कशावरून?
किरणने कीबोर्ड बाजूला सरकवला. "माझं सोडा, रझियाताई. ह्यातल्या बायांना इचारलं का? जिचं माप तिला पाठ असतंय."
गाडीत जागा होती, तरी सांगवीपर्यंत उभीच राहिले.

११ जून
वही काढून बघितली. वीसच्या वीस कवितांवर खरी मापं. सगळ्यात धोक्याची वंदनाची. लोणी भापकरची, दोन पोरी. घरच्यांना आता मुलगा पाहिजे. ती झंपरला आतून खिसा लावून घेते, पाळणा थांबवायच्या गोळ्या ठेवायला. सासू प्रत्येक वेळी तिच्याबरोबर दुकानात येते, माप तिच्यासमोरच घेते मी, सासूला ते पाठ असणार. खिसा तेवढा मागनं गुपचूप.
चोर चोर म्हणत हिंडत होते मी. लाज वाटली.

१४ जून
वं. (पुरतं नाव आता लिहीत नाही) एकटी आली होती. तिची कविता वाचून दाखवली. तिनं वही हातातून घेतली. मला वाटलं, आता वही फाडते. मग म्हणाली, "खिसा ऱ्हाऊ दे. माप बदल."
पण कुणाचं घालू? कुठलंही घातलं तरी कुणाच्या ना कुणाच्या अंगाला बसणारच. तिनंच टेप उचलला आणि माझं माप घेतलं. छाती अडतीस, कंबर चौतीस, बाही नऊ. लग्नानंतर पहिल्यांदा कुणी घेतलं. डोळ्यांत पाणी आलं, उगंच.

१८ जून
बाकीच्या एकोणीस कवितांवरची मापं काढली. पाठवलं, किरणच्याच दुकानातून. किरणच्या दोन कविता वाचल्या. चांगल्या आहेत, जळफळले. पोच मात्र कुणाचीच आली नाही. घेतल्या आणि गायब?

२ ऑगस्ट
पहिली यादी लागली! नावं नाहीत, प्रत्येकाची एक कविता टाकलीय. किरणची आहे. माझीही. नेमकी खिशाची, गोळ्यांसकट.

५ ऑगस्ट
कविता फिरत फिरत ह्यांच्या मोबाईलवर. जेवताना हसत हसत वाचून दाखवली, कुण्या शिवणारणीची हाय म्हणं. मी ताटात बघत होते. अम्मींनी एवढंच विचारलं, "माप काय म्हणलास?" ह्यांनी परत वाचलं.

६ ऑगस्ट
दोरीवरचे माझे झंपर अम्मींनी एकेक करून उलटे केले. खिसा सापडला. आत बोट घातलं. रिकामा. ड्राइव्ह धुण्याआधीच काढलेला.
सांगावं का, ड्राइव्हसाठी शिवलाय? म्हणजे कविता माझी, हे आलं. मग गोळ्या माझ्या नाहीत तर कुणाच्या, तेही येणार. माझ्या गिऱ्हाइकांत खिसावाली कोण, हे अम्मी दोन दिवसांत काढतील. गप्प बसले. गोळ्या माझ्याच, असं समजू देत.
अम्मींनी झंपर सुलटा करून चिमटा लावला. "टीप बारीक घातलीस," म्हणाल्या आणि आत गेल्या.
ह्यांना अजून काही सांगितलेलं दिसत नाही.